गाडी पाणी पिते

गणपतीला घरी गेलो होतो. आईचा वॉकर ठेवायला डिकी उघडली, तर आत पाच-पाच लिटरचे दोन कॅन आणि एक फनेल. "हे कशाला?" म्हणून विचारलं. बाबा म्हणाले, "असू दे. उन्हाळ्यात लागतं." बाहेर धो-धो पाऊस पडत होता.

गाडी २०१० सालची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. मॉडेल सांगत नाही, कारण पंधरा वर्षं चाललेल्या इंजिनाबद्दल कंपनीला बोल लावण्यात अर्थ नाही. मी आठवीत असताना बाबांनी ती घेतली. आता वाईत आई-बाबा दोघंच असतात, मी हिंजवडीत. आईला आठवड्यातून दोनदा साताऱ्याला फिजिओथेरपीला न्यावं लागतं आणि महिन्यातून एखादी फेरी पाचगणीला मावशीकडे होते. फोनवर मी नेहमी विचारतो, "गाडी कशी आहे?" उत्तर ठरलेलं असतं: "एकदम ओके."

दुसऱ्या दिवशी जवळच्या गॅरेजवर नेली. पोराने ऑइलचं झाकण फिरवून काढलं आणि उलटं करून दाखवलं. आतल्या बाजूला पांढरट, चिकट थर, साय धरल्यासारखा. "हेड गॅस्केट उडालंय काका. इंजिन खोलावं लागेल. पंचवीस हजार धरून चाला." दोन मिनिटांत निकाल. गाडीचीच किंमत आज लाखाच्या आत आहे. बाबा काही बोलले नाहीत, फक्त झाकण स्वतःच्या हाताने परत लावलं.

आधी हेड गॅस्केट म्हणजे काय ते सांगतो. इंजिनाचे ढोबळमानाने दोन भाग असतात. खाली ब्लॉक, ज्यात पिस्टन वरखाली होतात, आणि वर हेड, ज्यात व्हॉल्व्ह आणि स्पार्क प्लग बसतात. दोन्हींच्या मध्ये बोल्टने आवळून बसवलेला, भोकंभोकं असलेला एक पातळ थर म्हणजे गॅस्केट. सिलिंडरमधला जळता वायू, इंजिन थंड ठेवणारं पाणी आणि ऑइल यांना एकमेकांत मिसळू न देणं हे त्याचं काम. पेट्रोल पेटतं त्या क्षणी सिलिंडरमधला दाब हवेच्या दाबाच्या चाळीस-पन्नास पट असतो. काही मिलिमीटर पलीकडे वाहणाऱ्या पाण्यावर रेडिएटरच्या झाकणाने धरून ठेवलेला दाब असतो जेमतेम एक पट जास्त. शिवाय आमच्या गाडीत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. तापलं की ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. इंजिन प्रमाणात तापतं तोवर गॅस्केट हे सगळं सहन करतं. उकळलं की हेड वाकतं आणि गॅस्केट एखाद्या ठिकाणी हार मानतं.

आता ती साय. पावसाळ्यात, दमट हवेत, दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या कुठल्याही गाडीचं झाकण उघडून बघा. इंजिन नीट तापायच्या आत बंद होतं, आतली वाफ थंड झाकणावर जमते आणि ऑइलमध्ये मिसळून पांढरी होते. मी डिपस्टिक ओढून पाहिली. ऑइल काळंच होतं, दुधाळ नव्हतं. सायलेन्सरमधून सकाळी येणाऱ्या पांढऱ्या धुराचंही तसंच. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी तयार होतं, ते थंडीत दिसणारच. इंजिन तापल्यावरही धूर तसाच राहिला तर मात्र काळजी करायची. म्हणजे आमच्याकडे संशय होता, पुरावा नव्हता. पंचवीस हजारांसाठी मला पुरावा हवा होता.

तो सापडला ग्लोव्ह बॉक्समध्ये. बाबा साखर कारखान्यात अकाउंट्सला होते. त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच गाडीचंही केलं होतं: पतसंस्थेच्या डायरीत, तारीखवार, किलोमीटरसह, गाडीत किती पाणी घातलं त्याच्या नोंदी. एप्रिलपासून एकसष्ट ओळी. फोनवर "एकदम ओके" म्हणणारा माणूस डायरीशी मात्र एका शब्दाने खोटं बोलला नव्हता.

रात्री मी त्या सगळ्या ओळी मोबाईलवर शीटमध्ये भरल्या. ऑफिसात सर्व्हर पडला की आम्ही आधी लॉग बघतो. असा स्वच्छ लॉग मला टीममधल्या कुणी कधी दिलेला नाही. एप्रिलमध्ये: "बाजार. पाणी ॥ लि." "सातारा. पाणी नाही." परत "बाजार. पाणी ॥ लि." म्हणजे तुंबलेल्या रस्त्यावर पाणी जातंय, हायवेवर जात नाही. हे गॅस्केटचं लक्षण नव्हे. गाडी वेगात असते तेव्हा रेडिएटरला वारा आपोआप लागतो. उभी असते तेव्हा फॅनवर सगळी मदार, आणि पाणी तेव्हाच उकळत होतं.

मग ही नोंद: "१८ मे. पर्यटकांची गर्दी. काटा लालवर. बंद करून थांबलो ४० मि. पाणी ३ लि."

त्यानंतर चित्र उलटं. जूनमध्ये बाजाराला फार काही नाही, पण "पाचगणी. पाणी १॥ लि." पसरणीचा घाट म्हणजे साधारण ६०० मीटरची सलग चढण. इंजिनावर भार आला की सिलिंडरमधला दाब वाढतो. गॅस्केटला बारीक चीर असेल तर वायू तिथून पाण्यात घुसतो आणि पाण्याला बाहेर ढकलतो. एकाच डायरीत दोन आजार होते, आणि एकातून दुसरा जन्मला ती तारीखही होती.

फॅनचं कोडं सुटलं ते वेगळ्याच कारणाने. मी घरी येतो तेव्हा हीच गाडी चालवतो, आणि माझ्या हातात ती कधीच तापलेली नाही. आमच्या धंद्यात "माझ्या मशीनवर तर चालतंय" हा कुचेष्टेचा विषय आहे, पण इथे उत्तर त्यातच होतं. मी एसी लावतो. बाबा लावत नाहीत, ॲव्हरेज पडतं म्हणून. एसी लावला की त्याचा वेगळा फॅन फिरतो आणि रेडिएटरलाही वारा देतो. मी अंगणात एसी बंद ठेवून इंजिन चालू ठेवलं. काटा अर्ध्याच्या वर सरकला तरी मुख्य फॅन ढिम्म. लगेच बंद केलं. फॅनला बॅटरीवरून थेट वायर दिली, तर भर्रकन फिरला. मोटर चांगली होती, रिले गेला होता. साडेतीनशे रुपयांची डबी.

पण गॅस्केटचं काय? साताऱ्याला एक म्हातारे मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे रविवारी गेलो. मी डायरी पुढे केली. त्यांनी चष्मा लावून दोन पानं वाचली आणि बाबांना म्हणाले, "काका, माझ्याकडे कामाला या."

त्यांनी इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं. गरम इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभराच्या वर असू शकतं आणि झाकण सुटताच उकळून अंगावर येतं. मग रेडिएटरच्या तोंडावर एक काचेची नळी बसवली, आत निळा द्रव. जळालेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड पाण्यातून वर आला की तो पिवळा पडतो. आयडलला निळाच राहिला. मी सुटकेचा श्वास घेणार, तेवढ्यात त्यांनी रेस वाढवून धरली. चार मिनिटांत द्रव हिरवट, मग पिवळा.

कॉम्प्रेशन घेतलं: १७२, १७०, १६८ आणि चौथ्याला १५१ पीएसआय. चौथ्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घेतलं. आकडा वाढला असता तर दोष रिंगांचा. वाढला नाही. शेवटी चौथा पिस्टन वर आणून, गाडी गिअरमध्ये ठेवून, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा आत सोडली. हवा सायलेन्सरमधून फुसफुसली तर व्हॉल्व्ह, ऑइलच्या तोंडातून आली तर रिंगा. आम्ही तिघं रेडिएटरवर वाकलो होतो. एक बुडबुडा आला. मग एकामागून एक. चौथा प्लग तर धुतल्यासारखा स्वच्छ होता. वाफेने रोज धुतलाच जात होता.

म्हणजे वाईचा पोरगा बरोबर होता. पण फॅन त्याने पाहिलाच नव्हता. नवं गॅस्केट टाकून गाडी हातात दिली असती, तर पुढच्या मे महिन्यात त्याच गर्दीत तेही उडालं असतं.

"विकून टाकू या का?" मी परतताना विचारलं.

"म्हणूनच सांगितलं नव्हतं," बाबा म्हणाले. बऱ्याच वेळाने पुढे म्हणाले, "मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी आठला रिक्षा शोधत फिरू का तिला घेऊन?"

मी ॲपवरून टॅक्सी मागवता येते वगैरे बोलणार होतो. वाईत सकाळी आठला किती गाड्या मिळतात ते मलाही माहीत आहे.

हेड उतरलं. सपाट पट्टी आणि फीलर गेज लावल्यावर ०.१० मिलिमीटर वाकलेलं निघालं, चालतं ०.०५ पर्यंत. म्हणजे साध्या कागदाच्या जाडीएवढ्या बाकासाठी हा सगळा खटाटोप. लेथवर फेसिंग, नवं गॅस्केट, नवे बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने टप्प्याटप्प्याने आवळलेले, नवं कूलंट, नवा रिले. एकूण २३,४००. निम्मे मी दिले, निम्मे बाबांनी, आणि त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.

पुढच्या शनिवारी पसरणीचा घाट चढलो. बाबा चालवत होते, एसी अर्थातच बंद. पाचगणीत शिरल्यावर गाडी कडेला घेतली आणि मी इंजिन चालूच ठेवायला सांगितलं. काटा अर्ध्याजवळ थांबलेला. पाच मिनिटं गेली, सहा गेली. मग बॉनेटखाली टक् झालं आणि फॅन सुरू झाला.

"झालं समाधान?" बाबांनी किल्लीवर हात ठेवला. "बंद करू? पेट्रोल जळतंय."