मीठ पावसात जागं होतं

जमिनीवर उभा करायचा पोहण्याचा पूल विचारायला कुणी आलं की मी आधी त्याच्या घरचा कूलर बघतो. नागपूरच्या नंदनवनात पत्र्याचा जुना कूलर अजून बऱ्याच खिडक्यांशी आहे. त्याचा टब सडतो तो पाणी रोज वरखाली होतं त्या रेषेवर आणि झिरपणाऱ्या कोपऱ्यात. पाणी उडतं, क्षार उरतात. दर फाल्गुनात आतून डांबर फासणाऱ्या नागपूरकराला गंज वेगळा शिकवावा लागत नाही.

"मिठाचा पूल द्या, क्लोरीन नको," ही मागणी नेहमीची. पण मिठाच्या पूलमध्येही क्लोरीनच असतो. डब्यातून ओतण्याऐवजी तो तिथेच, सेल नावाच्या उपकरणात तयार होतो. सेलमध्ये टायटॅनियमच्या पट्ट्या, त्यांवर रुथेनियम ऑक्साइडचा लेप. वीज सोडली की मिठाचा क्लोरीन होतो, काम झालं की पुन्हा मीठ. लिटरला 3 ते 4 ग्रॅम पुरतं. सलाइनच्या बाटलीत 9 ग्रॅम असतं, समुद्रात साधारण 35. म्हणून चव जेमतेम कळते आणि लोक गाफील राहतात.

एका घरी मी स्टीलच्या भिंतीचा मिठाचा पूल बसवला होता. दुसऱ्या वर्षी तळाची पट्टी बोटाने तुटायला लागली. "पाणी तर आतमध्ये आहे नं भाऊ, पत्रा बाहेरून कसा सडला?" प्रश्न बरोबर होता, आणि चूक माझी. आत लायनर असतं. ते धड असेल तर पाणी पत्र्याला शिवतच नाही. पोरं उड्या मारतात, शिंतोडे बाहेर ओघळतात, तळाच्या खाचेत साचतात. पाण्यावरचा कचरा ओढणाऱ्या स्किमरसाठी पत्रा कापलेला असतो, तिथलं गॅस्केट सैल झालं तर तिथूनही झिरपतं. मे महिन्यात हे तासाभरात सुकतं आणि पांढरी पूड निपचित पडून राहते. पण हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून ओलं होतं. आमच्याकडे तो मुहूर्त पावसाळ्याचा. पूल तोवर घडी करून माळ्यावर गेलेला असतो, आणि गंज तिथे निवांत चरतो.

तेव्हापासून मी पूल बाहेरून आणि खालून निवडतो. तळाची पट्टी, उभे खांब आणि वरची कड रेझिनची हवी. भिंत स्टीलची असली तरी एकवेळ चालेल. मात्र रेझिन उन्हाला टिकणारं असल्याची खात्री करा. गच्चीवरची प्लॅस्टिकची खुर्ची चार उन्हाळ्यांत कशी तडकते, ते आठवा. ॲल्युमिनियम लाल गंजत नाही, पण मिठाने त्याला बारीक खड्डे पडतात. स्क्रू आणि शिडी 316 जातीच्या स्टेनलेसची घ्या. 304 वर मीठ डाग पाडतं. कापडी पूलच्या पाइपांवरचा रंग जोडाशी खरचटला, की पाइप आतून जातो. असल्या पूलला मी मिठाचा सेल लावतच नाही.

गच्चीचं विचारूच नका. 65 सेंटिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला 650 किलो. वापरात असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात वापराचा भार धरतात तो सुमारे 150 किलो. अंगणात काळी माती असेल तर ती काढून मुरूम दाबून घ्यावा. माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि एका बाजूने खचलेला पूल कलंडायला वेळ लागत नाही.

आणि धंद्याचं नुकसान करून सांगतो: दहा फुटी गोल पूल, त्यात जेमतेम पावणेपाच हजार लिटर पाणी, तोही फक्त सुट्टीपुरता असेल, तर सेल घेऊच नका. बोअरच्या जड पाण्याने पट्ट्यांवर पांढरा थर चढतो, तो सौम्य आम्लाने काढत बसावं लागतं. त्यापेक्षा रोज मोजून टाकलेला साधा क्लोरीन स्वस्त पडतो.

तरी सेल घेतलाच, तर जूनमध्ये पूल उतरवताना प्रत्येक पाइप, पट्टी आणि स्क्रू गोड्या पाण्याने दोनदा धुवा, उन्हात खडखडीत वाळवा, मगच माळ्यावर टाका. कूलरचा टब धुवायला काढाल, त्याच दिवशी हेही उरकतं.