लहान मुलाचे जुलाब आणि ओआरएसची पुडी

एक-दोन वर्षांच्या मुलाला अचानक उलट्या-जुलाब सुरू होतात तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा विषाणू असतो. पाच वर्षांखालच्या मुलांत रोटाव्हायरस हे गंभीर जुलाबांचे एक मोठे कारण आहे. थंडीच्या दिवसांत त्याचा जोर अधिक असतो, तर पावसाळ्यात दूषित पाण्यातून येणारे जिवाणूंचे जुलाब वाढतात. क्रम साधारण ठरलेला असतो : आधी उलट्या, सोबत थोडा ताप, मग पाण्यासारखी शी. उलट्या एक-दोन दिवसांत आटोक्यात येतात. जुलाब मात्र आठवडाभरही रेंगाळू शकतात. ‘दात येताहेत म्हणून’, ‘बेंबी सरकली म्हणून’, ‘नजर लागली म्हणून’ ही घरोघरी सांगितली जाणारी कारणे खरी नाहीत. दात येण्याच्या वयात मूल रांगत असते, हाताला लागेल ते तोंडात घालते, त्यामुळे दात आणि जुलाब एकाच सुमारास दिसतात, इतकेच.

जुलाबात मूल दगावते ते मुख्यतः अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. दहा किलो वजनाच्या मुलाच्या अंगातून अर्धा लिटर पाणी गेले की ते कोरडे पडू लागते, एक लिटर गेले की जिवावर बेतते. पाण्यासारख्या जुलाबात एवढे पाणी जायला फार वेळ लागत नाही. म्हणून शी किती वेळा झाली याच्या मोजदादीपेक्षा मुलाकडे बघणे महत्त्वाचे. डोळे खोल गेले आहेत का? रडताना पाणी येते का? जीभ ओली आहे का? शू केव्हा झाली, तिचा रंग गडद आहे का? तान्ह्या बाळाची टाळू खाली गेली आहे का? पोटावर, बेंबी आणि कूस यांच्या मध्ये, त्वचा दोन बोटांच्या चिमटीत उचलून सोडावी. ती लगेच सपाट व्हायला हवी. सावकाश बसली तर पाणी कमी पडले आहे. दोन सेकंदांहून जास्त वेळ तशीच उभी राहिली तर घरी थांबण्याची वेळ टळून गेली आहे. किरकिरणारे, पाण्यासाठी वाटीवर झडप घालणारे मूल पाहून घरचे लोक घाबरतात; पण त्याहून भीतीचे मूल ते, जे गप्प पडून राहते आणि चमच्याकडे मानही वळवत नाही.

गेलेले पाणी भरून काढायचे ते नुसत्या पाण्याने नव्हे. आतड्याच्या भिंतीतून मीठ साखरेचा हात धरून आत जाते आणि त्या दोघांमागून पाणी जाते. जुलाबाने आतडे दुखावलेले असतानाही ही वाट बहुतांशी उघडी राहते. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० मध्ये तिचा उलगडा केला आणि १९७१ मध्ये बांगलादेश युद्धातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी तिचा उपयोग हजारो लोकांसाठी केला. कॉलऱ्याची साथ होती, सलाईनचा साठा पुरत नव्हता. त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती पाजायला दिले. ३० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. डॉक्टरांच्या हातातला उपचार आईच्या हातात देण्याचे हे मोठे धाडस होते. त्यांना पद्मविभूषण मिळाले ते २०२३ मध्ये, मरणोत्तर.

या मिश्रणाची आजची पुडी, म्हणजे ओआरएस, जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये सुधारलेल्या सूत्राची आहे. एक लिटर पाण्यासाठी मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, मिळून २०.५ ग्रॅम. यातला ग्लुकोजचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. साखर याहून बरीच वाढली की ती शोषली जाण्याऐवजी आतड्यात साठते आणि शरीरातलेच पाणी आतड्याकडे ओढून घेते. जुलाब कमी होण्याऐवजी वाढतात.

नेमके हेच प्रस्तुत लेखिकेच्या नाशिकच्या घरी घडले. २०२३ च्या हिवाळ्यात तिच्या सव्वा वर्षाच्या नातवाला उलट्या-जुलाब सुरू झाले. मुलाचे वडील कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले आणि त्यांनी ‘ओआरएस द्या’ एवढेच सांगितले. काउंटरवरच्या माणसाने पुडी न देता सफरचंदाच्या चवीचे टेट्रापॅक पुढे केले. ‘पुडीचं पाणी मुलं थुंकून टाकतात, हे आवडीनं पितात. तेच आहे,’ असे तो म्हणाला. खोक्याच्या दर्शनी बाजूला ओआरएस ही अक्षरे अंगठ्याएवढी मोठी होती. मुलाने नळी तोंडात धरली ती सोडलीच नाही. घरात सगळ्यांना हायसे वाटले. संध्याकाळपर्यंत शी नुसती पाणी झाली, एक लंगोट बदलेपर्यंत दुसरा भिजू लागला, आणि तहान तर वाढतच होती. तहान लागली की पुन्हा तेच खोके.

रात्री बालरोगतज्ज्ञांनी पहिला प्रश्न विचारला तो काय पाजता आहात, याचा. रिकामे खोके सुनेच्या पिशवीत होते. त्यांनी ते दिव्याखाली तिरपे धरले आणि कडेच्या दुमडीजवळच्या ओळीवर नख ठेवले. हे पेय जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेले ओआरएस नाही, असा त्या ओळीचा अर्थ होता. चष्मा लावूनही ती वाचायला वेळ लागावा, एवढा तिचा टाइप बारीक होता, आणि तीही इंग्रजीत. त्याखाली साखरेचा तक्ता. अशा फळांच्या गोड पेयांत १०० मिलिलिटरमागे १० ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे लिटरला शंभर ग्रॅम. ओआरएसमध्ये साडेतेरा. ज्या वस्तूची गरज आहे तिचेच नाव समोर, आणि ती वस्तू ही नव्हे असा खुलासा मागे. आजारी मुलाला काखेत घेऊन रात्री दुकानात उभ्या राहिलेल्या आईने खोके उलटून, दुमड उघडून ती ओळ शोधायची, अशी ही अपेक्षा होती. ज्या घरी इंग्रजी वाचणारे कोणी नाही, त्या घराने काय करायचे?

यातली संतापाची गोष्ट ही की हे सगळे नियमात बसत होते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, एप्रिल २०२२ मध्ये अशा पेयांवर ओआरएस हे नाव वापरण्यास मनाई केली होती. त्याच वर्षी जुलैत, खुलाशाची ओळ छापण्याच्या अटीवर, नावाच्या मागेपुढे ही अक्षरे वापरायची मुभा दिली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी या नावाविरुद्ध अनेक वर्षे एकटीने म्हणावा असा लढा दिला. अखेर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी प्राधिकरणाने ती मुभा काढून घेतली आणि सूत्राप्रमाणे नसलेल्या कोणत्याही पेयावर ओआरएस हा शब्द नको, असे बजावले. मधल्या तीन वर्षांत किती घरांत अशी खोकी रिकामी झाली असतील, याचा विचार करू गेल्यास चैन पडत नाही.

मेडिकलवाल्या माणसावरचा राग तेव्हा फार मोठा होता. पुढे तो निवळला, कारण त्यानेही दर्शनी अक्षरेच वाचली होती आणि खोक्यावर ती छापण्याचा निर्णय त्याचा नव्हता. पण पूर्ण निवळला असे म्हणता येत नाही. औषधाचे दुकान फार्मासिस्टच्या परवान्यावर चालते. किराणा दुकानदाराकडून जी माहिती अपेक्षित नाही, ती तिथे अपेक्षित आहे. शेवटी पुडीची किंमत काही रुपये, खोक्याची तिच्या कित्येक पट.

खरी पुडी कालवण्याची रीतही नेमकी असावी लागते. बाजारात एक लिटरची मोठी आणि २०० मिलिलिटरची छोटी अशा दोन्ही पुड्या मिळतात. पाकिटावर लिहिले असेल तेवढेच पाणी, उकळून गार केलेले, मोजून घ्यावे. मोठी पुडी पेल्यात थोडी थोडी अंदाजाने टाकू नये. पाणी कमी पडले तर रक्तातले मीठ धोकादायक वाढू शकते. दूध, साखर, सरबत काही मिसळू नये. कालवलेले पाणी झाकून ठेवावे आणि चोवीस तासांनी उरलेले फेकून द्यावे. रात्री-अपरात्री पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून काम भागते. त्यात पोटॅशियम नसते, म्हणून ते पुडी मिळेपर्यंतच.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर द्यावे. नातवाच्या वेळी घरातल्या सर्वांना सलाईन हवे होते आणि डॉक्टरांनी ते लावायला नकार दिला, तेव्हा त्यांचाही राग आला होता. त्यांनी वाटी-चमचा मागवला आणि आईला तिथेच बाकावर बसवले. पाच मिलिलिटरचा एक चमचा, मग मिनिट-दोन मिनिटे थांबायचे, मग दुसरा. दोन मिनिटांना एक चमचा म्हणजे तासाला दीडशे मिलिलिटर, हा हिशेब त्यांनी कागदावर मांडून दाखवला. उलटी झाली की दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू, पहिल्याहून सावकाश. भांडे तोंडाला लावून घटाघट पाजले की उलटी होते, आणि ‘पोटात काही टिकत नाही’ असे म्हणून लोक सलाईनकडे धावतात. ओठ घट्ट मिटणाऱ्या मुलाला सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला थेंब थेंब सोडता येते. हे काम कंटाळवाणे असते, पाजणाऱ्याची मान अवघडते, मांडीला मुंग्या येतात. रात्री दोघींनी-तिघांनी पाळ्या लावून घेतल्या तरच ते निभते. या घरी पहाटे लंगोट शूने ओला झाला, तेव्हा चमच्याने सलाईनचे काम केले हे मान्य करावे लागले.

मात्र चमच्याचा हट्ट सर्वत्र चालत नाही. मूल मलूल असेल, पीतच नसेल, प्रत्येक घोटाला उलटी होत असेल, सहा-आठ तासांत शू झाली नसेल, शीत रक्त असेल, उलटी हिरवी असेल, पोट फुगले असेल, फिट आली असेल किंवा ताप चढताच राहिला असेल, तर त्याच क्षणी दवाखाना गाठावा. तिथे सलाईन हाच उपचार असू शकतो. बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल तर ही लक्षणे दिसण्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

पोटाला विश्रांती म्हणून मुलाला उपाशी ठेवण्याची रीत अजून अनेक घरांत आहे. ती मोडायला हवी. अंगावरचे दूध एक वेळही बंद करू नये, उलट जास्त वेळा पाजावे. वरचे खाणारे मूल असेल तर मऊ भात, मुगाची पातळ खिचडी, मीठ घातलेली पेज, ताजे ताक किंवा दही, कुस्करलेले केळे थोडे थोडे, पण वारंवार द्यावे. जुलाब थांबल्यावर दोन आठवडे रोज एक वेळचे खाणे जास्तीचे द्यावे. ग्लुकोजचे पाणी, शीतपेये, बाटलीबंद रस टाळावेत.

ओआरएसच्या जोडीला झिंक. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ मध्ये त्याची शिफारस केली : सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याखालील बाळाला १० मिलिग्रॅम, दहा ते चौदा दिवस. गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते. जुलाब थांबले की पालक झिंकही थांबवतात. पण पुढच्या दोन-तीन महिन्यांतले जुलाब टाळण्याचा फायदा ते पूर्ण मुदतीपर्यंत दिले तरच मिळतो. ओआरएस आणि झिंक दोन्ही सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात. आशाताईंकडेही चौकशी करावी.

बाकी औषधांची गरज क्वचित पडते. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. ते रक्ताच्या आवेसाठी किंवा कॉलऱ्यासाठी डॉक्टर ठरवून देतात. मोठ्यांच्या जुलाब बांधणाऱ्या गोळ्या लहान मुलाला कधीही देऊ नयेत. त्यांनी आतडे सुस्तावते, पोट फुगते, गुंगी येऊ शकते. आजीच्या बटव्यातले उगाळलेले जायफळही या आजारात बाजूला ठेवावे. प्रस्तुत लेखिका स्वतः जायफळावर वाढली आहे आणि तान्ह्या मुलांना ते देणाऱ्या बायकांची माया तिने पाहिली आहे. पण झोपलेले मूल पाणी पीत नाही, आणि ती झोप जायफळाची की पाणी संपल्याची, हे रात्री दोन वाजता कुणालाच ओळखता येत नाही.

रोटाव्हायरस बरा झालेल्या मुलाच्या शीतूनही काही दिवस बाहेर पडत राहतो. लंगोट बदलल्यावर, मुलाला धुतल्यावर आणि भरवण्याआधी साबणाने हात धुवावेत. लंगोट स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नयेत, वाट्या-चमचे उकळून घ्यावेत, आणि मूल बरे होईपर्यंत पाळणाघरात पाठवू नये.

रोटाव्हायरसची तोंडावाटे द्यायची लस २०१६ पासून टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय लसीकरणात आली आहे. सरकारी केंद्रात ती सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला विनामूल्य दिली जाते. पहिला डोस वर्षाच्या आत पडला नाही तर पुढे ती सुरू करता येत नाही.