पकडलेला पाय

या शाळेत येण्यापूर्वी मी तीन वर्षं तायक्वांदो शिकलो होतो. उजव्या पायाची राउंडहाउस किक माझी आवडती. ती चांगली आहे हे मला जरा जास्तच माहीत होतं. तायक्वांदोच्या सामन्यात समोरच्याचा पाय धरणं हा फाऊल आहे. धरणाऱ्याला गाम-जोम मिळतो आणि एक गुण प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात जातो. त्यामुळे आपला पाय कोणी धरला तर काय करायचं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

नववीत मी वुशूच्या संघासाठी नाव दिलं. वुशूमधल्या सांडा या लढतीच्या प्रकारात नियम उलटा आहे. अंगावर किक बसली तर दोन गुण. पण तीच किक समोरच्याने धरली, तुम्हाला खाली पाडलं आणि स्वतः उभा राहिला, तर ते दोन गुण त्याचे.

पहिल्याच स्पारिंगला माझ्यासमोर मणिपूरचा एक कॅडेट होता. माझ्यापेक्षा बोटभर बुटका. जकार्ता 2018 मध्ये कांस्य आणि हांगझोऊच्या आशियाई खेळांत रौप्य जिंकणारी सांडापटू रोशिबिना देवी ही त्याच्या राज्यातली, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी दोन पंच टाकले आणि माझी ती प्रसिद्ध किक मारली. त्याने ती काखेत अशी घेतली, जशी आपण बाजारातून येताना पिशवी घेतो. मग तो शांतपणे मागे चालू लागला आणि मी एका पायावर त्याच्या मागे उड्या मारत निघालो. मॅटच्या कडेला बसलेला एक मराठी सीनियर ओरडला, "अरे, लंगडी घाल, लंगडी!" सगळे हसले. मी जीव खाऊन पाय मागे ओढला. त्याने त्याच क्षणी सोडून दिला. मी मागे कोसळलो आणि पडताना हात टेकवला.

हाड मोडलं नाही, पण दोन आठवडे मनगटाला बँडेज होतं. रविवारी घरी फोन केला तेव्हा आईला सांगितलं, "पळताना पडलो, थोडं मुरगळलंय."

मनगट बरं झालं, पण किक बरी होईना. मारताना मनात आधीच यायचं, की हा धरणार. म्हणून पाय अर्ध्या जोराने जायचा. आणि अर्ध्या जोराने गेलेला पाय धरणं सगळ्यात सोपं असतं. आठवडाभरात तो पाच-सहा वेळा धरला गेला. मग मी किक मारणंच बंद केलं. नुसत्या पंचवर लढायला लागलो आणि सगळ्यांना सांगायचो की सध्या पंचवर मेहनत घेतोय.

उस्तादांना हे फसवणं शक्य नव्हतं. एका संध्याकाळी त्यांनी त्याच मणिपूरच्या कॅडेटला बोलावलं आणि माझा पाय त्याच्या हातात दिला. म्हणाले, "पैर उसके पास है, दिमाग तो तुम्हारे पास है। पहले खड़े रहना सीखो।" तीस आकडे मोजेपर्यंत फक्त उभं राहायचं. पहिल्या दिवशी मी आठपर्यंत पोहोचलो. उभा पाय ताठ ठेवला की तोल लगेच जातो. गुडघा थोडा वाकवला, नजर समोर ठेवली की टिकतो. हे जमलं तेव्हा मला हसू आलं, कारण गावच्या शाळेत लंगडी घालताना मी हेच करत होतो.

त्यानंतर बाकीचं शिकलो. ते क्रमाने सांगतो.

पहिलं, पाय मागे ओढायचा नाही. समोरच्याला तेच हवं असतं. उलट त्याच्याकडे सरकायचं. ग्लोव्हज असल्याने बोटांनी धरता येत नाही, म्हणून हाताचा आकडा करून त्याच्या मानेमागे अडकवायचा. आता तुम्ही पडलात तर तोही तुमच्याबरोबर येणार, त्यामुळे त्याला सहज पाडता येत नाही.

दुसरं, पकडलेला गुडघा वाकवून छातीकडे घ्यायचा. लांब, सरळ पाय म्हणजे त्याच्या हातातली तरफ. आमच्या विज्ञानाच्या पुस्तकातलीच. पाय दुमडला की तरफ आखूड होते. मग कंबर वळवून टाच जोरात जमिनीकडे दाबायची. पाय बहुतेक वेळा सुटतो.

तिसरं, अंतर जास्त असेल आणि मानेपर्यंत हात पोहोचत नसेल, तर पकडलेल्याच पायाचा तळवा त्याच्या पोटावर ठेवून त्याला ढकलायचं.

चौथं, पडणं अटळ असेल तर नीट पडायचं. हनुवटी छातीला, श्वास बाहेर, मागे हात टेकवायचा नाही. हे मी मनगट देऊन शिकलो.

आणि पाय धरणाऱ्यासाठी एक गोष्ट. सरावात धरलेला पाय पिळायचा नाही. गुडघा वळण्यासाठी बनलेला नाही आणि तो आपल्याच सोबत्याचा आहे.

पण मुळात माझा पाय सापडत का होता? ते मणिपूरच्या मित्रानेच सांगितलं. "तू किक मारके उसको देखता रहता है," तो म्हणाला. खरं होतं. किक बसली की नाही हे पाहण्यात मी पाय तिथेच ठेवत होतो. जितक्या वेगाने पाय जातो तितक्याच वेगाने परत आला पाहिजे, आणि प्रत्येक वेळी त्याच तालात एकच किक मारली तर आंधळाही ती धरेल.

आंतर-हाउस सामन्यात माझी लढत तिसऱ्या फेरीपर्यंत गेली. तिथे माझा पाय दोनदा धरला गेला. पहिल्यांदा मी मान धरली, गुडघा घेतला, टाच दाबली आणि सुटलो. दुसऱ्यांदा त्याने मला सरळ उचलून आपटलं. हनुवटी छातीला होती, हात अंगाजवळ होते. उठलो. पुढच्या दहा सेकंदांत तीच किक पूर्ण जोराने मारली. ती त्याच्या चेस्ट गार्डवर बसली आणि पाय परत माझ्याजवळ आला. सामना मी हरलो. पण अर्धी किक मी त्या दिवशी एकही मारली नाही.

त्या रविवारी आईला फोनवर खरं सांगितलं. मनगट पळताना मुरगळलं नव्हतं, सगळ्यांसमोर पडलो होतो आणि त्यानंतर महिनाभर घाबरलो होतो. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला तेव्हाच वाटलं होतं. पळताना पडणाऱ्या मुलाचे आधी गुडघे फुटतात."

आता सातवीचे कॅडेट मॅटवर येतात तेव्हा त्यांना आधी पडायला शिकवायचं काम माझ्याकडे आहे. त्यानंतर मी त्यांना लंगडी घालायला लावतो. ते हसतात. मी हसू देतो.