दोन ते चारची पाळी

“मलेशियाला गेलीस, मग पेट्रोनास टॉवरपुढचा फोटो कुठाय?” परत आल्यापासून हॉस्टेलमध्ये हा प्रश्न इतक्या वेळा ऐकलाय की शेवटी तो फोटो कपाटावरच चिकटवून टाकला. मेसच्या काकूंनीही बघून झालाय. पण मॅगझिनसाठी “एक्स्चेंज सेमिस्टरचे अनुभव लिही” असं फर्मान आलं, तेव्हा डोक्यात टॉवर आलाच नाही. आली ती जंगलातली एक रात्र. ती लिहावी की नाही यात चार दिवस गेले. आता लिहायला बसले आहे. माझं मराठी कॉन्व्हेंटचं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका रूममेटनं काढल्यात. ज्या उरल्या त्या पोटात घाला.

तर झालं असं. पाचव्या सेमिस्टरला क्वालालंपूरला मी हायड्रॉलॉजीचा इलेक्टिव्ह घेतला होता. घेतला म्हणजे काय, टाइमटेबलमध्ये तेवढाच बसत होता. त्यात ऑक्टोबरच्या एका वीकएंडला फील्ड ट्रिप कम्पल्सरी, २० मार्कांची. ठिकाण : तामान नेगारा. तामान म्हणजे बाग आणि नेगारा म्हणजे देश. हा नेगारा मूळचा आपला ‘नगर’ बरं का. मलय भाषेत असे आपले नातेवाईक पुष्कळ भेटतात. बाहासा म्हणजे भाषा, बूमी म्हणजे भूमी, आणि सुआमी म्हणजे नवरा! (हे कळल्यावर आम्ही मुली दोन दिवस हसत होतो.)

हे जंगल पाहांग, केलांतान आणि तेरेंगानू या तीन राज्यांत मिळून ४,३४३ चौरस किलोमीटर पसरलंय. इंग्रजांच्या काळात त्याला किंग जॉर्ज पाचव्याचं नाव होतं, ते स्वातंत्र्यानंतर बदललं. वय तेरा कोटी वर्षं असं सांगतात. जेरांतुतमार्गे बसनं जेट्टीपर्यंत आणि तिथून टेम्बेलिंग नदीतून लांबुळक्या होडीनं जवळजवळ तीन तास वर. नदीचा रंग आपल्या मेसच्या चहासारखा. दोन्ही काठांवर झाडं एवढी दाट की सूर्य कुठे आहे ते घड्याळावरून ठरवायचं. क्वाला ताहानला ताहान नदी टेम्बेलिंगला मिळते. क्वाला म्हणजे नदीचं मुख, संगम. क्वालालंपूर म्हणजे चिखलाचा संगम, हे मला तिथे राहून दोन महिन्यांनी कळलं.

होडीवाल्याला सगळे ‘पाकचिक’ म्हणत, म्हणजे काका. पन्नाशीचा माणूस, बोलणं फार कमी. खडक आला की बोटांनी खुणा करायचा आणि आम्ही सगळे एका बाजूला कलायचो. माझी पार्टनर इपोहची, चिनी मलेशियन. तिच्या गावाला नाव मिळालं ते एका विषारी झाडावरून, हे तिनं अभिमानानं सांगितलं. या जंगलात राहणारे बातेक लोक फुंकणीनं बाण मारून शिकार करतात आणि बाणाच्या टोकाला याच इपोह झाडाचा चीक लावतात.

शनिवारचा दिवस मजेत गेला. वीस मीटर अंतर आखायचं, वरून संत्री सोडायची, स्टॉपवॉच लावायचं. पृष्ठभागावरचा वेग गुणिले ०.८५, म्हणजे सरासरी वेग. मग दोरी धरून रुंदी आणि काठीनं खोली. संत्री खालच्या टोकाला पकडून पुन्हा वापरायची असतात, पण आमच्या ग्रुपमधल्या मुलांनी अर्धी खाल्ली. जळवा तर विचारूच नका. मोज्यांवर मीठ चोळलं तरी एक थेट गुडघ्यापर्यंत पोचली. कॅनोपी वॉक म्हणजे झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा झुलता पूल. त्यासाठी वेळच उरला नाही, त्यामुळे तो विचारू नये.

खरं काम रात्रीचं होतं. ताहान नदीच्या काठाला सरांनी सेंटिमीटरच्या खुणांची एक पट्टी रोवली होती. रात्री दहा ते सकाळी सहा, दर अर्ध्या तासानं पाण्याची पातळी लिहायची. दोघादोघांच्या पाळ्या, दोन-दोन तासांच्या. आमची दोन ते चार. पाकचिक तिथेच खाली होडीत झोपणार होता, कारण पहाटे वर जायचं होतं आणि आमचं सामान होडीतच होतं. झोपण्याआधी त्यानं सरांमार्फत आम्हाला एकच गोष्ट सांगितली. पाणी एक वीतभर चढलं तर मला हाक मारा.

पार्टनरचं पोट बिघडलं होतं. मी मोठेपणा करून म्हटलं, “तू झोप, मी बघते.” दोन वाजता टॉर्च घेऊन पायऱ्या उतरले. पट्टीवर १४२. दुपारच्या पावसानं चढलेलं पाणी संध्याकाळपासून उतरतच होतं, १५१, १४९, १४७ असं. मी १४२ लिहिलं आणि वळले, तेवढ्यात डावीकडच्या झुडपात काहीतरी मोठं हललं. मग थांबलं. मग परत हललं, आणि या वेळी श्वासही ऐकू आला. मी वर कशी आले ते मला आठवत नाही. डॉर्मिटरीच्या व्हरांड्यात ट्यूबलाइटखाली बसले ती बसलेच. अडीच वाजले. उठवेना.

आता यापुढचं तुम्हा सगळ्यांना न सांगताही कळेल. फ्लुइड मेकॅनिक्सच्या जर्नलमध्ये कोणी खरी रीडिंग्ज लिहिली असतील त्यानं हात वर करावा! उतरता ग्राफ समोर होताच. अडीचला लिहिलं १४१.५. तीनला १४०. साडेतीनला १३९.५. तो पॉइंट फाइव्ह खरा वाटावा म्हणून. ही कला मी इथल्याच लॅबमध्ये शिकले.

चारला पुढची दोन मुलं खाली गेली आणि ओरडाआरडा झाला. खालच्या पायऱ्या पाण्याखाली होत्या. पट्टीवर २०४. आमच्याकडे थेंब पडला नव्हता, पण वर डोंगरात कोसळला असणार. पाकचिकची होडी आखूड दोरीनं बांधलेली. पाणी चढलं तशी दोरी ताणली, पुढचं टोक खाली ओढलं गेलं आणि पाणी आत आलं. तो पाण्यातच जागा झाला. कोयत्यानं दोरी तोडली आणि कशीबशी होडी काठाला लावली. इंजिनात पाणी गेलं होतं. त्याची कपड्यांची पिशवी आणि आमची चार लाइफ जॅकेटं गेली. तो चिंब होऊन उभा होता आणि सर त्याला पुन्हा पुन्हा काहीतरी विचारत होते. तो मान हलवत होता. मी मागे उभी.

मला कोणी काही विचारलं नाही, हेच वाईट झालं. सकाळी नदीवरच्या तरंगत्या हॉटेलात नाश्त्याला बसलो तर सगळे त्या ग्राफवर खूश! साडेतीनला १३९.५ आणि चारला २०४, म्हणजे अर्ध्या तासात ६४.५ सेंटिमीटर. पोरं म्हणाली, काय सॉलिड डेटा मिळाला. सरांनी वहीवर रेघ ओढली, जवळजवळ उभी. म्हणाले, रिपोर्टमध्ये हाच मुख्य मुद्दा घ्या. पाणी इतक्या वेगानं येत असेल तर काठावरच्या माणसांना सावध करायला वेळ किती मिळतो ते काढा. २०१४ च्या डिसेंबरात इथे मोठा पूर आला होता, पर्यटकांना हेलिकॉप्टरनं काढावं लागलं होतं, तेही त्यांनी सांगितलं. माझ्या पुढ्यातला रोटी चनाई तसाच.

इथे मला महाड सांगायला हवं. २०२१ च्या जुलैत मी आजोबांकडे होते. दहावीचा निकाल नुकताच लागला होता, शाळा-कॉलेज सगळं ऑनलाइन, म्हणून आईबाबांनी पाठवलेलं. २२ तारखेच्या रात्री सावित्रीचं पाणी गावात शिरलं. वीज गेलेली, मोबाइलला रेंज नाही. आजोबा जिन्यात बसले होते. हातात बॅटरी, मनगटावर जुनं एचएमटी. दर पायरी बुडाली की वेळ मोठ्यानं सांगायचे आणि आजी कॅलेंडरच्या मागे लिहायची. “तिसरी गेली, सव्वाबारा.” “चौथी, साडेबारा.” मी त्यांना म्हटलं होतं, “आजोबा, वर चला ना, मोजून काय होणार?” ते म्हणाले, “किती वेळ आहे ते कळेल.” त्या हिशोबावरच त्यांनी शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना गच्चीवर आणायला लावलं. खालच्या खोलीत पाणी छतापर्यंत गेलं.

मी उठले आणि सरांना बाहेर फळीवर बोलावलं. इंग्लिश माझं चांगलं आहे म्हणतात, पण तेव्हा एक वाक्य धड येईना. “सर, साडेतीनला मी खाली गेलेच नव्हते. अडीचलाही नाही.” सर काही क्षण नदीकडे बघत राहिले. मग वही आणायला सांगितली. मला वाटलं पान फाडतील. त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. तिन्ही आकड्यांवर एक-एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता येईल अशी. पुढे लिहायचं, ‘निरीक्षण केलेलं नाही’. खाली सही. ग्राफमध्ये दोन ते चार कोरं सोडायचं. पेन परत घेताना म्हणाले, आता जाऊन होडीवाल्याला सांग.

ते जास्त कठीण गेलं. पाकचिक इंजिनाचे प्लग काढून पुसत बसला होता. माझी पार्टनर भाषांतर करत होती आणि करता करता तिलाही पहिल्यांदाच कळत होतं. तिचा चेहरा मी बघितला नाही. पाकचिकनं ऐकून घेतलं. “कशाला घाबरलीस?” एवढंच विचारलं. मी झुडपातला आवाज सांगितला. तो म्हणाला, “बाबी.” म्हणजे रानडुक्कर. रोज रात्री येतं. आणि पुन्हा प्लग पुसायला लागला. ठीक आहे म्हणाला नाही, रागावलाही नाही. मी कापलेला डबा घेतला आणि होडीतलं उरलेलं पाणी उपसायला बसले. तासभर लागला. त्याच्या पिशवीचे पैसे आम्ही सगळ्यांनी मिळून काढले, माझे जास्त. ते त्यानं घेतले.

परतीच्या बसमध्ये पार्टनर जेरांतुतपर्यंत माझ्याशी बोलली नाही. शीटवर तिचंही नाव होतं ना. जेरांतुतला तिनं चिप्सचं पाकीट पुढे केलं आणि म्हणाली, “पुढच्या वेळी मला उठव. पोट दुखत असलं तरी.” मार्क मिळाले २० पैकी ९. तिला १४, हे बरं झालं.

रात्री खोलीवर पोचून महाडला फोन लावला. आजोबांना नद्यांच्या गोष्टी आवडतात. होडी, संत्री, जळवा, सगळं सांगितलं. मग पूर सांगितला, आणि मग ते तीन आकडेही सांगितले. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला.

“मग दोन ते चारमध्ये पाणी चढायला लागलं कधी?” त्यांनी विचारलं.

“माहीत नाही, आजोबा.”

“असं कसं? तू होतीस ना तिथे?”