ओल्या लाकडाचे कातकाम

मराठी समीक्षेत ‘कातीव’ हे विशेषण फार सढळपणे वापरले जाते. कातीव कथा, कातीव शैली, एखाद्या नाटकाचे कातीव संवाद. घोटीव, रेखीव, कोरीव, बांधीव, आटीव ही त्याची भावंडे. सगळी कारागिराच्या घरून वाङ्मयात आलेली, आणि सगळ्यांच्या शेवटचा ‘ईव’ एकच ग्वाही देणारा : काम पुरे झाले, आता यात काही हलायचे नाही. कोरीव दगडाच्या बाबतीत ही ग्वाही बरीचशी खरी आहे. लाकडाच्या बाबतीत ती लाकूड किती ओले होते यावर अवलंबून असते, आणि समीक्षकाला लाकडाच्या ओलीशी सहसा काही देणेघेणे नसते.

‘कातणे’ हे क्रियापद आपल्याकडे सुतालाही चालते आणि लाकडालाही. लेथवर किंवा जुन्या दोरीच्या यंत्रावर लाकूड फिरवून त्याला गोल आकार देणारा तो कातारी. पाणिनीय धातुपाठात ‘कृत्’ हा धातू दोनदा येतो : तुदादी गणात कापणे या अर्थाने (कृन्तति) आणि रुधादी गणात वेढणे, गुंडाळणे या अर्थाने (कृणत्ति). वैयाकरणांच्या लेखी हे दोन वेगळे धातू. पण ओले लाकूड कातताना दोन्ही अर्थ एकाच वेळी डोळ्यांसमोर घडतात. पटाशीची धार कापत असते आणि कापलेला भाग सुतासारखा अखंड निघून हाताभोवती, बाहीभोवती, यंत्राच्या दांड्याभोवती गुंडाळत असतो. वाळक्या लाकडाचा भुसा होतो, ओल्याचे सूत होते.

निवृत्तीनंतर मी एक लहान लेथ घेतला. पहिली दोन वर्षे लाटणी, रवीचे दांडे, भोवरे असे वाळक्या लाकडाचे निरुपद्रवी उद्योग चालले होते. २०२४च्या मे महिन्यात चिपळूणजवळच्या एका गावात रस्ता रुंद करण्यासाठी माझ्या कवी मित्राच्या घरापुढचा रायवळ आंबा तोडला गेला. मित्र त्याच्या आधीच्या वर्षी वारला होता. वहिनींचा फोन आला, “भाऊजी, जळणाला ठेवला तर वर्षभर पुरेल. पण तुमच्या यंत्राला उपयोग होत असेल तर आधी तुम्ही बघून जा.” मी दोन ओंडके आणले. त्याच महिन्यात त्यांनी माझ्या स्वाधीन केलेल्या मित्राच्या चार वह्याही माझ्या टेबलावर होत्या. त्याचा एकच संग्रह हयातीत निघाला होता, आणि राहिलेल्या कवितांचे पुस्तक व्हावे अशी त्यांची इच्छा होती. दोन्ही कामे एकाच वेळी चालली, त्यामुळे एकाचे विचार दुसऱ्यात शिरले हे ओघानेच आले.

नुकत्याच तोडलेल्या लाकडात पाणी किती असते याची कल्पना ते लेथवर चढवल्याशिवाय येत नाही. कित्येक जातींत ते लाकडाच्या कोरड्या वजनाइतके, कधी त्याहूनही अधिक असते. लेथ सुरू झाला की तुषार तोंडावर येतात, चष्मा भरतो, मागच्या भिंतीवर ओली रेघ उमटते. कैरीच्या चिकाचा मंद वास सुटतो. पटाशीला लाकूड इतके सहज वश होते की हाताला आपल्याच कौशल्याचा मोह व्हावा. काम संपल्यावर मात्र यंत्राचा लोखंडी पाट लगेच कोरडा पुसावा लागतो, नाहीतर सकाळी त्यावर गंज दिसतो.

हे पाणी दोन ठिकाणी असते. काही पेशींच्या पोकळीत मोकळे आणि काही पेशींच्या भिंतींत मुरलेले. मोकळे पाणी गेले तरी लाकडाचा आकार बदलत नाही. ओलीचे प्रमाण कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांच्या खाली उतरले, भिंतींतले पाणी सुटू लागले, की आकसणे सुरू होते. आणि लाकूड सर्व दिशांना सारखे आकसत नाही. खोडाच्या लांबीच्या दिशेने ते जवळजवळ आकसतच नाही. मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने थोडे आकसते, आणि वलयांच्या कडेकडेने त्याच्या साधारण दुप्पट. म्हणून ओंडका उभा चिरून केलेला वाडगा लेथवरून उतरताना कितीही गोल असला, तरी वाळल्यावर लांबट होतो आणि त्याची कडा दोन ठिकाणी उचलली जाते. ओंडक्याचा ऐन मध्य त्यात राहिला असेल तर तिथून भेग ठरलेली.

यावर कातणाऱ्यांनी दोन मार्ग काढले आहेत. पहिला असा : वाडगा जाडसर ठेवायचा, भिंतीची जाडी व्यासाच्या साधारण एक दशांश. मग तो कागदी पिशवीत, आपल्याच छिलक्यांत पुरून, काही महिने विसरायचा, आणि वजन घटायचे थांबले की वेडावाकडा झालेला तो आकार पुन्हा लेथवर चढवून गोल करायचा. दुसरा मार्ग : एकाच बैठकीत भिंत चार-पाच मिलिमीटरपर्यंत पातळ करायची आणि पुढचे लाकडावर सोडायचे. पातळ भिंत वाकते, म्हणून सहसा फाटत नाही. ती कुठे वाकणार हे मात्र तंतूंची दिशा पाहून आधीच ओळखावे लागते.

आपल्या कोकणातली परंपरा याच्या उलट टोकाची. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळे आणि खेळणी सर्वांना माहीत आहेत. लाखकामासाठी लाकूड कोरडेच लागते. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते. खाली ओल असेल तर ती नीट धरत नाही. रंगाला स्थिर आकार हवा असतो.

ओल्या लाकडावर सगळा भरवसा टाकणारी परंपरा मला वेगळ्या मुलखात भेटली. मुलीकडे इंग्लंडला गेलो असताना रेडिंगच्या ग्रामीण जीवनाच्या संग्रहालयात जॉर्ज लेली याचा लेथ पाहिला. बर्कशायरमधल्या बकलबरीच्या माळावर हा माणूस पायाने चालवायच्या लेथवर एल्म लाकडाचे वाडगे काती. वर लवचीक काठी, खाली पावटी, मध्ये दोरी; पाय दाबला की लाकूड पुढे फिरते, काठी उसळली की मागे, आणि धार फक्त पुढच्या फेरीत टेकवायची. एका ठोकळ्यातून तो एकात एक बसणारे कित्येक वाडगे काढी. एच. व्ही. मॉर्टनने १९२७च्या आपल्या प्रवासपुस्तकात त्याच्यावर लिहिले आहे. १९५८ साली तो वारला आणि त्याच्याबरोबर ती सलग परंपरा थांबली (पुढे हौशी लोकांनी ती पुन्हा उभी केली, ते वेगळे). तिथून फार दूर नसलेल्या चिल्टर्नच्या बीच वनांत खुर्च्यांचे पाय कातणारे लोक रानातच बसत, नुकते पाडलेले झाड तिथेच फोडून कातत, आणि वाळलेले पाय हाय विकमच्या कारखान्यांना देत. ओल्या लाकडाच्या खुर्च्या करणाऱ्यांची एक युक्ती मला फार आवडते. वाळलेला आडवा दांडा किंचित ओल्या पायात ठोकायचा. पाय वाळताना आकसतो आणि दांड्याला आवळून धरतो. सरस न लावता.

आता वह्यांकडे येतो. मित्र पहिल्या मार्गाचा माणूस होता. कविता जाडसर लिहून ठेवी, वर्ष-दोन वर्षे पाहत नसे, मग पुन्हा चढवी. चौथ्या वहीतल्या सव्वीस कवितांना ती दुसरी फेरी मिळालेली नाही. जिथे एका ओळीला त्याने तीन पर्याय लिहून ठेवले आहेत, तिथे एकही खोडलेला नाही. प्रकाशकाचे म्हणणे सरळ आहे : तुम्ही त्याची रीत जाणता, तुम्हीच हात फिरवा, सगळे पुस्तक एकसारखे कातीव होईल. वहिनींचे म्हणणेही तितकेच सरळ. “त्यांच्या हातचं आहे तसं राहू दे. आहे तसं म्हणजे आहे तसं.”

कच्चेपणाचे कौतुक मला मान्य नाही, हे इथे स्पष्ट केले पाहिजे. उत्स्फूर्ततेच्या नावाखाली अर्धवट लेखनाची आरती ओवाळण्याची आपल्याकडे जी सवय आहे, तिला ओल्या लाकडाचा दाखला मिळणार नाही. जाड भिंतीचा आणि तसाच सोडून दिलेला वाडगा हा कलाप्रकार नव्हे. बहुधा तोच फुटतो. तेव्हा हात फिरवू नये असे मला वाटते, ते दुसऱ्याच कारणाने.

वाळलेला वाडगा पुन्हा चढवताना पहिली अडचण पकडीची येते. लेथच्या जबड्याने धरण्यासाठी बुडाला जो गोल खुंट ठेवलेला असतो तोही लांबट झालेला असतो. आधी तोच नव्याने गोल करावा लागतो, म्हणजे मध्य पुन्हा ठरवावा लागतो. मूळ कातणाऱ्याला आपला पहिला मध्य हाताला आठवतो, परक्याला अंदाजाने धरावा लागतो. दुसरी गोष्ट अधिक मोठी. लांबट झालेला आकार बाहेरून गोल करताना सर्वांत जास्त लाकूड जाते ते त्याच्या लांब टोकांचे, म्हणजे ज्या दिशेने लाकूड आकसलेच नव्हते त्या दिशेचे. जी बाजू सगळ्यात कमी ढळली तीच धारेखाली येते. मित्राच्या एका कवितेत ‘परसदार’ हा शब्द तीन वेळा येतो. कोणताही जाणता संपादक त्यातले दोन काढील. तिन्ही पर्यायांत तो शब्द मात्र कायम आहे, बाकी सगळे बदलले आहे.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि यापुढे कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. तिथे काम शतकांच्या हस्तलेखनात मिसळलेले परके लाकूड काढून टाकण्याचे होते. चौथ्या वहीत परके काहीच नाही. मी पहिल्या तीन वह्यांतल्या कविता त्याच्या शेवटच्या दुरुस्तीप्रमाणे घेतल्या आहेत, आणि या सव्वीस कविता सर्व पर्यायांसह, ओळीखाली ओळ, छापाव्यात असे प्रकाशकाला कळवले आहे. पाने वाढतील, अशी त्याची तक्रार आहे. ती खरी आहे.

आंब्याचे तीन वाडगे झाले. एक पातळ, तो आठवड्यात वाळून होडीसारखा झाला. वहिनी त्यात लसूण ठेवतात, आणि तो टेबलावर डुलतो म्हणून त्याखाली घडी केलेले फडके घालतात. दोन जाड. त्यांची वजने मी दर रविवारी लिहून ठेवत होतो. श्रावणात ती घटायची थांबली आणि पुढे थोडी वाढली, कारण पावसाळी हवेतली ओल लाकूड परत घेते. दिवाळीनंतर पुन्हा उतरू लागली. एक शिशिरात थांबला, तो मी गोल करून घेतला. दुसरा त्याच्यापेक्षा जाड आहे, त्याला वेळ लागतो आहे. शेवटच्या नोंदीत त्याचे वजन ६१२ ग्रॅम होते, त्याआधीच्या रविवारी ६१४.