सेट ऐकतो, पण बोलत नाही

लोणावळ्यातल्या माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर येणाऱ्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या, सेटांची तक्रार बहुतेक वेळा एवढीच असते: ऐकतो, पण बोलत नाही. सांगणारा निदानही सोबतच घेऊन येतो. फायनल उडालाय. आउटपुटच्या त्या बिचाऱ्या ट्रान्झिस्टरवर सगळ्यांचा राग.

फायनल खरोखरच गेलेला निघाला की माझा थोडा विरस होतो. बदलला, बायस लावला, संपलं. मला आवडतो तो दोष, जो टेबलावर येईपर्यंत बरा होतो. पीटीटी, म्हणजे बोलायची कळ, दाबावी तर डमी लोडवर सात वॉट स्वच्छ यावेत, माइकमध्ये शीळ घातली की काटा टुणकन उठावा, आणि मालकानं ओशाळून म्हणावं, "घरी खरंच जात नव्हतं हो." मावळात असे सेट जून ते सप्टेंबरात येतात. दसऱ्यानंतर तक्रार आपोआप मिटते आणि पुढच्या मृगापर्यंत कोणाला आठवत नाही.

गेल्या पावसाळ्यापासून माझा उजवा हात थरथरतो. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, घाबरण्यासारखं काही नाही. त्यांना बोर्डावर टाका मारायचा नसतो. आयर्नचं टोक रिलेच्या पायाशी नेईपर्यंत मी शेजारचे दोन ट्रॅक भाजून काढतो. म्हणून कामशेतची एक पॉलिटेक्निकवाली मुलगी आता संध्याकाळच्या लोकलनं येते. आयर्न तिच्या हातात, बडबड माझी. हॅमची परीक्षा ती पास झाली आहे, परवाना यायचा आहे; तोवर हवेवर जायचं तर पीटीटी मीच दाबतो. तेवढी सत्ता अजून माझ्याकडे आहे आणि ती मी पुरेपूर वापरतो.

पंचाईत अशी, की जे हात करायचा ते आता तोंडानं सांगावं लागतं. "रिलेचे कॉन्टॅक्ट साफ कर," म्हटलं की ती विचारते, "कागदाची पट्टी ओढताना किती दाबू, काका?" काय सांगणार? किती ते बोटांना माहीत होतं.

तर गेल्या जुलैत भाज्याहून एक बिटएक्स आला. हैदराबादच्या अशहर फरहान यांचा हा सेट हॅम मंडळींना नवा नाही. आधी त्यांनी घरी बांधता येईल असा आराखडाच सगळ्यांना देऊन टाकला, मग २०१६ मध्ये ४० मीटर बँडचा तयार बोर्ड आणला. त्याचा फायनल म्हणजे आयआरएफ ५१०, मूळचा स्विचिंगसाठी केलेला स्वस्त मॉसफेट, रेडिओसाठी नव्हेच. मला या माणसाचं कौतुक वाटतं ते यासाठी, की बाजारात सहज मिळणाऱ्या भागांतून त्यांनी सेट उभा केला. परदेशातून नातेवाइकांनी आणलेले चकचकीत सेट माझ्याकडे येतात तेव्हा एका आयसीसाठी सहा महिने अडतात. २७ मेगाहर्ट्झच्या सिटिझन बँडचेही येतात. तिथे ५ वॉटपर्यंत परवाना लागत नाही, म्हणून हौसेनं आणतात आणि पलीकडे बोलायला कोणी नाही हे नंतर कळतं.

भाजे लोहगड-विसापूरच्या पायथ्याशी दबलेलं. तिथून हातातल्या व्हीएचएफ सेटची लहर समोरच्या कड्यावर आपटते आणि संपते. ४० मीटरचं तसं नाही. सात मेगाहर्ट्झची साधी डायपोल, एकेक बाजू दहा मीटरची, फार उंच न बांधता आंब्यावरून ताणली की लहर जवळजवळ सरळ वर जाते आणि आयनोस्फिअरवरून खाली उतरते. मध्ये किल्ला असो नाहीतर घाट, पुण्यामुंबईशी दिवसा आरामात बोलता येतं. या गृहस्थांचं सकाळच्या नेटवर, हॅम मंडळींच्या ठरलेल्या गप्पांत, रोज बोलणं व्हायचं. जूनअखेरीपासून त्यांना सगळे ऐकू येत, त्यांना मात्र कोणी ओळख देईना.

टेबलावर सेट ठणठणीत. मी मालकांना माझा नेहमीचा प्रश्न विचारला: बाकी काय बदललंय? ते म्हणाले, "बाकी उलट छानच चाललंय. या वर्षी बँड किती शांत आहे! खरखर नाहीच."

जुलैत, मावळात, चाळीस मीटरवर खरखर नाही? पोरीकडे बघून मी हसलो. मला आधीच कळलं होतं आणि तिला कळलं नव्हतं, या गोष्टीचा मला जो आनंद झाला तो सांगण्यासारखा नाही, पण झाला.

ऐकू येतंय म्हणजे वाट मोकळी आहे, हा आपल्या सगळ्यांचा लाडका तर्क. अँटेना आणि केबल बरी असल्याशिवाय ऐकू कसं येईल? म्हणून दोष सेटमध्ये, म्हणून फायनल. चाळीस मीटरवर हा तर्क पार झोपतो. तिथे वातावरणाचा गोंगाट इतका असतो, की रिसीव्हरचा स्वतःचा आवाज त्याच्या खाली कुठेतरी दडपलेला असतो. केबलनं दहा डेसिबल गिळले तर येणारा सिग्नल दहावा हिस्सा होतो, पण गोंगाटही दहावा हिस्साच होतो. दोघांतलं अंतर तेच. कानाला काही उणं वाटत नाही, झालंच तर शांत वाटतं. जाताना मात्र तुमच्या सात वॉटचे पाऊण वॉट होतात, आणि पलीकडच्या माणसाकडचा गोंगाट तुमच्यासाठी कमी व्हायला तयार नसतो.

लोकल पकडून आम्ही मळवलीला उतरलो आणि भाज्याला गेलो. पोरीनं आपला नॅनो व्हीएनए, म्हणजे छोटा मीटर, केबलला लावला. "काका, एसडब्ल्यूआर एक पूर्णांक दोन. केबल-अँटेना एक नंबर आहे!"

मी म्हटलं, आता झाडावर चढ, अँटेना सोडव आणि केबलचं टोक मोकळं ठेव. तिनं ठेवलं. चांगल्या केबलचं टोक मोकळं सोडलं की शक्ती उलटून परत येते, आणि त्यावर ठरणारा एसडब्ल्यूआर आभाळाला भिडायला हवा. आकडा सव्वाच्या आसपासच राहिला. अँटेना असली काय, नसली काय! गेलेली शक्ती टोकाशी पोचायच्या आत निम्म्याहून कितीतरी जास्त खाल्ली जात होती, परतताना पुन्हा तेवढीच, त्यामुळे मीटरपर्यंत परत काही येतच नव्हतं. मीटर त्याला 'उत्तम' म्हणत होता. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही असं नाही, पण पोरीचा तो चेहरा पुस्तकात नव्हता.

मग ब्लेडनं केबलचं काळं कवच चिरलं. फीड पॉइंटला, जिथे जाळी आणि मधली तार वेगळी करतात, तिथली टेप उन्हानं सुटली होती. समईच्या वातीला तेल चढतं तसं तांब्याच्या जाळीतून पाणी आत झिरपत गेलं होतं, फक्त इथे ते खाली उतरलं. चार मीटरवर चिरलं तरी जाळी काळी ठिक्कर. बोटानं घासली तर काजळी लागली आणि आडवी धरली तेव्हा दोन थेंब पडले. वीस मीटर साधी आरजी ५८ चाळीस मीटरवर कोरडी असताना एक डेसिबलही खात नाही. उघडीप मिळाली की ही केबल थोडी सुकायची, चार दिवस बोलणं व्हायचं, पुन्हा झोड उठली की बंद. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या घाटमाथ्याशेजारी हे नवल नव्हे. नवल हे, की दर वर्षी फायनल बदलणारे अजून आहेत.

त्यांच्याबद्दल दोन शब्द बोललो नाही तर मला झोप लागणार नाही. फायनल बदलणारे तरी परवडले. प्रिसेट फिरवणारे माझ्या डोक्यात जातात. पॉवर कमी वाटली की बायसचा स्क्रू थोडा फिरवून 'बघायचं'. आयआरएफ ५१० ला ते बघणं एकदाच दिसतं. हल्ली तिसरी जात निघाली आहे: दुरुस्तीच करत नाही, नवीन घ्या म्हणते. हातातले चिनी सेट इतके स्वस्त झालेत की त्यांचं चूक आहे असंही म्हणता येत नाही, आणि याचाच मला जास्त राग येतो.

आता माझी गोष्ट. केबल बदलण्याला कोणी दुरुस्ती समजत नाही. "केबलच होती होय?" असं मालक म्हणतात आणि पाकीट पुन्हा खिशात सरकतं. म्हणून केबलचाच दोष आहे हे कळल्यावरही मी सेट उघडतो. आतली बुरशी पुसतो, डीसीचा जोड पुन्हा टाकतो, झाकण उघडं ठेवून मालकांना दाखवतो. सेटला त्याची गरज असतेच असं नाही. "याच्या हाताला यश आहे," हे वाक्य ऐकायला बरं वाटतं. या वेळी हात पोरीचा होता. मालकांनी तिचंच कौतुक केलं, मला चहा दिला.

नवी केबल लावताना आमचं वाजलं. तिला जोड सिलिकॉननं भरायचा होता. आंबूस वास येणारं सिलिकॉन तांबं खातं, हे मी सांगितलं. ती म्हणाली, वास न येणारंही मिळतं. मी सेल्फ-अमालगमेटिंग टेपवाला. ताणून, निम्मी निम्मी चढवत, खालून वर, म्हणजे ओघळ घडीत शिरत नाही. वर साधी इन्सुलेशन टेप, कारण उन्हात आतली सोलते. थरथरत्या हातानं टेप ताणता येत नाही, तेव्हा हेही तिनंच केलं. केबलला जोडाच्या खाली एक वळसा दिला, पाणी तिथून गळून पडावं म्हणून. तो वळसा मी सांगायच्या आधीच दिला होता. टेपही मला लागते त्याच्या अर्धीच लागली. पीटीटी मी दाबली, पुण्याहून लगेच पाच-नऊचा रिपोर्ट आला, आणि मालकांचा बँड पुन्हा खरखरायला लागला. ते म्हणाले, "हे काय, आवाज वाढला की!" त्यांना समजावण्यात माझी परतीची लोकल चुकली.