ऋणनिर्देशाची फाईल

काविळीतून उठताना अंगात त्राण नव्हतं, पण स्वस्थही बसवेना. पडल्या पडल्या ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जात्यावरच्या ओव्यांचा एक जुना प्रबंध उघडला.

तिथे प्रबंध सलग मिळत नाही. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, एकेक प्रकरण, सगळ्याच्या सुट्या पीडीएफ. ऋणनिर्देशाचीही वेगळी. मी आधी तीच उघडली. टंकलिखित पान, किंचित तिरकं स्कॅन झालेलं. ओव्या सांगणाऱ्या बायकांची नावं, गावांसकट. एका नावातला राहिलेला काना पेनाने काढलेला. त्या कान्यापाशी मी बराच वेळ थांबले.

२००९ साली यूजीसीने प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देण्याचा नियम केला. ‘शोधगंगा’ चालवणाऱ्या गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’कडे आज लाखो प्रबंध आहेत. पूर्वी ते विद्यापीठाच्या कपाटात कुलूपबंद असत.

पण उघडतं कोण? डाउनलोडच्या आकड्यात शोधयंत्रांचे बॉटही मिसळतात. ‘काउंटर’ नावाचं मानक ते गाळतं, एकाच फाईलवर ३० सेकंदांत पडलेल्या दोन क्लिक एकच धरतं. हिशोब चोख हवाच. तरी कुणी शेवटच्या पानापर्यंत गेलं का, कुणाला त्यात आपली आजी सापडली का, हे त्यात येत नाही. मला तर वाटतं, वर्षानुवर्षं कुणीच न पाहिलेला प्रबंधसुद्धा असा उघडा असायलाच हवा.

ऋणनिर्देशातल्या त्या बायकांपैकी एकीचं गाव माझ्या आजोळाशेजारचं आहे. तिच्या घरच्यांना हे पान ठाऊक असेल का? मामीला फोन करून विचारते.